सुलटं आवळतं, उलटं सुटतं

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.)

घरातला कुठलाही स्क्रू घ्या, नट घ्या, लोणच्याच्या बरणीचं झाकण घ्या. घट्ट करायचं असेल तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायचं, सैल करायचं तर त्याच्या उलट. जर्मनीत हेच, जपानमध्ये हेच, इचलकरंजीतही हेच. गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालवायची यावर जगाचं आजवर एकमत झालेलं नाही. भिंतीतल्या प्लगच्या पिना गोल असाव्यात की चपट्या, यावरही नाही. स्क्रूच्या बाबतीत मात्र धर्म, भाषा, राजवट काहीही असो, जवळजवळ सगळं जग एकाच दिशेला वळतं.

एवढं असूनही ऐन वेळी माणूस अडखळतो. पान्हा हातात घेतला की क्षणभर मनात येतंच, "आता हा कुठं फिरवायचा?" म्हणून निरनिराळ्या भाषांनी ही दिशा लक्षात ठेवायच्या युक्त्या केल्या. त्या गोळा करायचा मला गेली काही वर्षं नाद लागला आहे. सुरुवातीला नुसती गंमत वाटली. पण त्या मुळापर्यंत शोधत गेलं की एक चांगला सार्वजनिक इतिहास हाती लागतो. तोच आज सांगतो.

इंग्रजीतली युक्ती बहुतेकांना ठाऊक आहे. उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल, असं बडबडगीतासारखं यमक. पोरांच्या तोंडी बसावं म्हणून शब्दांना शेपटं जोडलेली. जर्मनांचं पाहा. त्यांच्याकडे जुनी म्हण आहे, तिचा आशय असा की जोवर जर्मन साम्राज्य उभं आहे तोवर स्क्रू उजवीकडेच फिरायचा. स्क्रूसारख्या क्षुल्लक वस्तूला थेट साम्राज्याची साक्ष! स्पॅनिशमधली युक्ती तर सरळ राजकारणाचीच. तिथं गमतीनं म्हणतात, उजवी बाजू आवळते, डावी मोकळं करते. 'आवळणे' या अर्थाचा त्यांचा शब्द 'दडपणे' असाही चालतो, त्यामुळे एकाच वाक्यात प्लंबरही शिकतो आणि कामगार पुढारीही खूश.

रशियात शाळेतल्या भौतिकशास्त्रात विजेच्या तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा शिकवताना 'गिरमिटाचा नियम' सांगतात. सुताराचं गिरमिट लाकडात शिरताना जसं वळतं तसं. तोच नियम इंग्रजीत बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूवरून ओळखला जातो, आणि त्याला मॅक्सवेलचं नाव आहे. आपल्या दहावीच्या पुस्तकात तो 'उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम'. एकाला सुतार आठवला, एकाला बाटली आठवली, आपल्याला स्वतःचा हात. या अंगठ्याकडे मी शेवटी परत येणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

आता या युक्त्यांमधली खोट सांगतो. गोल फिरणाऱ्या वस्तूला उजवं-डावं नसतंच! पान्ह्याचं वरचं टोक उजवीकडे जातं तेव्हा खालचं टोक डावीकडे जातं. "उजवीकडे फिरव" म्हणजे वरची कड उजवीकडे, हे आपण गृहीत धरलेलं असतं. ते कुणी बोलून दाखवत नाही. शिकणाऱ्या पोराला नट खालच्या बाजूनं दिसत असेल तर यमक पाठ असूनही तो उलटंच फिरवणार, आणि चूक त्याची नसणार.

उजवं-डावं हा शब्द बोलणारा कुठं उभा आहे त्यावर ठरतो. राजकारणातले उजवे-डावे आले कुठून? १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोधातले डाव्या हाताला. अध्यक्षांच्या समोर उभं राहून पाहिलं असतं तर नावं उलटी झाली असती. आपल्या लोकसभेतही सत्ताधारी बसतात ते अध्यक्षांच्या उजव्या हाताला, म्हणजे अध्यक्षांकडे तोंड करून पाहणाऱ्याच्या डावीकडे. सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचा म्हणतात, तो देवाच्या उजवीकडून. दर्शनाला उभ्या राहिलेल्या माणसाला सोंड डावीकडे वळलेली दिसते.

शंखाचं उदाहरण याहून भारी आहे. दक्षिणावर्ती शंख दुर्मिळ, म्हणून लोक पूजेत ठेवतात, त्याच्या नावानं फसवणूकही भरपूर चालते. पण जीवशास्त्रज्ञ त्याच शंखाला डावा म्हणतात! शंख तोच, वळणही तेच. फरक फक्त धरायच्या पद्धतीचा. शास्त्रज्ञ शंखाचं टोकदार शिखर वर करून त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते पाहतात, आपली परंपरा शिखर खाली ठेवून पाहते. दोघंही बरोबर, आणि दोघांची नावं एकमेकांच्या विरुद्ध.

मराठीत तर आणखी मजा आहे. संस्कृतात सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानंही बाण मारणारा म्हणून अर्जुन सव्यसाची. पण जानवं नेहमीसारखं डाव्या खांद्यावर असलं की ते सव्य, आणि पितरांच्या कार्यात उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य. त्यातून मराठीत सव्य म्हणजे रीतीप्रमाणे, सुलटं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेचं असा अर्थ रुळला आणि अपसव्य म्हणजे त्याच्या उलट. डाव्याचा शब्द फिरत फिरत उजव्याच्या घरी येऊन बसला.

मग घड्याळाचा काटा हा पक्का आधार आहे का? बराचसा आहे. पण तोही कुठून तरी आला आहे. उत्तर गोलार्धात जमिनीवर काठी रोवली तर तिची सावली सकाळी पश्चिमेकडे पडते, दुपारी उत्तरेकडे, संध्याकाळी पूर्वेकडे. सावल्यांच्या त्या घड्याळावरूनच यंत्राच्या घड्याळाच्या काट्यांची दिशा आली असं मानतात. दक्षिण गोलार्धात सावली उलटी फिरते. २०१४ साली बोलिव्हियाच्या सरकारनं ला पाझ शहरातल्या संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ मुद्दाम उलटं करून टाकलं. आकडे उलटे, काटे उलटे. आम्ही दक्षिणेतले, उत्तरेची दिशा आम्ही का म्हणून चालवायची, हा त्यामागचा विचार.

मला तो निर्णय आवडला की नाही ते सोडा. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. घड्याळ उलटं करता आलं, देशातले स्क्रू कुणी उलटे करायला गेलं नाही. का? कारण घड्याळ भिंतीवर एकटं असतं, ते उलटं केलं तरी वाचणाऱ्याला सवय होते. स्क्रूला मात्र जोडी लागते. बोल्ट एका गावात बनतो, नट दुसऱ्या, आणि दोघं भेटतात तिसऱ्याच गावातल्या मोटारीत. बनवणारे एकमेकांना आयुष्यात कधी भेटत नाहीत. तरीही नट बोल्टवर चढतो. अनोळखी माणसांमधला हा करार आहे, आणि माझ्या मते आधुनिक जगातल्या सगळ्यात यशस्वी करारांपैकी एक.

हा करार आयता मिळालेला नाही. स्क्रूची कल्पना जुनी आहे. पाणी उपसायच्या स्क्रूला आर्किमिडीजचं नाव आहे. रोमन काळात द्राक्षं आणि ऑलिव्ह पिळायचे लाकडी स्क्रूचे दाबयंत्र होते. आपल्याकडे याला मळसूत्र असा सुंदर शब्द आहे. पण शेकडो वर्षं प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट ही एकमेकांसाठीच घडवलेली जोडी असायची. यंत्र उघडताना जोड्यांना खुणा करून ठेवाव्या लागत. नट हरवला की बोल्ट भंगारात.

१८०० सालाच्या आसपास लंडनच्या हेन्री मॉड्सलीनं आटे कापायचं अचूक लेथ उभं केलं. त्याच्या कारखान्यात शिकलेला जोसेफ व्हिटवर्थ. त्यानं इंग्लंडभरच्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, मोजले, आणि १८४१ साली सगळ्यांना मान्य होईल असा मधला मार्ग मांडला. आट्याचा कोन ५५ अंश, आणि बोल्टच्या जाडीप्रमाणे इंचात किती आटे ते ठरलेलं. हा कुठल्या सरकारचा हुकूम नव्हता. लोकांकडे आधीच काय आहे ते मोजून काढलेली सरासरी होती, म्हणून तर ती रेल्वे कंपन्यांनी उचलली. रेल्वेबरोबर आणि गिरण्यांच्या यंत्रांबरोबर तेच आटे आपल्याकडे आले.

दिशेचा प्रश्न व्हिटवर्थला सोडवावा लागला नाही. तो त्याच्याआधीच हातांनी सोडवला होता. उजवा हात पुढे धरून तळहात वर येईल असा पिळा. ती घड्याळाची दिशा. या हालचालीत दंडाची बेटकुळी कामाला येते, म्हणून ती उलट्या पिळापेक्षा जोरदार असते. बहुसंख्य माणसं उजव्या हाताची, म्हणून आवळायची दिशा त्यांच्या सोयीची झाली. दहात एखादा डावखुरा असतो, त्याची गैरसोय आम्ही उजव्यांनी गृहीत धरली. त्याला आवळताना जोर कमी मिळतो. पण गंजलेला नट सोडवायचा असेल तर डावखुऱ्याला बोलवा. गंमत नाही, खरंच फायदा होतो.

पुढे अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ साली फिलाडेल्फियात वेगळा आटा मांडला, कोन ६० अंश. तो बनवायला सोपा होता. युरोपात मिलिमीटरवाल्यांनी १८९८ साली झुरिकला जमून आपला तिसरा ठरवला. दिशा सगळ्यांची एक, पण माप निराळं. म्हणजे फिरतो, पण बसत नाही.

याची किंमत काय असते ते बाल्टिमोर शहरानं ७ फेब्रुवारी १९०४ ला पाहिलं. रविवारी सकाळी आग लागली. आजूबाजूच्या शहरांतून मदत आली, वॉशिंग्टनहून तर बंब रेल्वेनं आणले. आणि रस्त्यावरच्या पाण्याच्या हायड्रंटला त्यांचे पाइप बसेनात! प्रत्येक शहराचे आटे वेगळे. पाणी जमिनीखाली, बंब जमिनीवर, माणसं जीव तोडून उभी, आणि मध्ये न जुळणारा पितळेचा जोड. दुसऱ्या दिवशीपर्यंत शहराच्या मध्यभागातल्या सुमारे दीड हजार इमारती गेल्या. त्यानंतर अमेरिकेत हायड्रंटच्या जोडाचं राष्ट्रीय प्रमाण ठरलं. शहाणपण यायला शहर जळावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात हाच घोळ दोन मित्रराष्ट्रांत झाला. ब्रिटनचं मर्लिन विमान इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं बनवायला घेतलं, तेव्हा त्यात ब्रिटिश आटेच ठेवायचे ठरले आणि ते पाडायची हत्यारं पॅकार्डला स्वतः बनवून घ्यावी लागली. युद्ध संपल्यावर १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं बसून एकच आटा मान्य केला. व्हिटवर्थचे ५५ अंश मागे पडले, सेलर्सचे ६० राहिले. साम्राज्याचा अहंकार सुद्धा शेवटी नट-बोल्टपुढे नमला.

आणि जर्मन साम्राज्याच्या त्या म्हणीचं काय झालं? जर्मनीत प्रमाणं ठरवणारी 'डिन' ही संस्था १९१७ साली स्थापन झाली, ऐन पहिल्या महायुद्धात. तिचं पहिलं प्रमाण निघालं ते निमुळत्या पिनांचं. वर्षभरात कैसर गेला. मग प्रजासत्ताक आलं, हिटलर आला, गेला, देशाचे दोन तुकडे झाले, भिंत उभी राहिली, पडली. डिन आहे तशी आहे, आणि स्क्रू उजवीकडेच फिरतोय. म्हण उलटी लिहायला हवी होती. साम्राज्यावर स्क्रू टिकला नाही, साम्राज्य संपल्यावरही टिकला.

आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ सालीच स्थापन झाली. १९५६ च्या कायद्यानं देश मेट्रिककडे वळला. आज आपल्या मेट्रिक आट्यांचं प्रमाण आयएस ४२१८. कागदावर इंच गेला, तोंडातून गेला नाही. हार्डवेअरच्या दुकानात अजून 'चार सुती बोल्ट' मागतात, म्हणजे अर्धा इंची, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच गल्ल्यावर 'दहा-अकराचा पान्हा' मागतात, तो मात्र मिलिमीटरचा. दोन राजवटी एकाच काउंटरवर सुखानं नांदतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी अधूनमधून जाऊन बसतो. तिथले मिस्त्री नव्या पोरांना शिकवताना उजवं-डावं कधीच म्हणत नाहीत. "सुलटं फिरव", "उलटं सोड", बस्स. मी एकदा विचारलं, "मामा, सुलटं म्हणजे कुठलं हे पोराला कसं कळणार?" त्यांनी खोक्यातला एक बोल्ट काढून उभा धरला. म्हणाले, "आट्याकडं बघा की. चढ कुठल्या बाजूला हाय?" आटे डावीकडून उजवीकडे चढत होते. मग तोच बोल्ट खाली डोकं, वर पाय असा धरला. "आता?" तरीही चढ उजवीकडेच. "बोल्ट कसाबी धरा, त्यो आपली जात बदलत न्हाई. आपुन कुठं हुबं हाय त्येवर आपलं बोलणं बदलतं."

शंखाबद्दल, सोंडेबद्दल, लोकसभेबद्दल मी वर जे चार परिच्छेद लिहिले ते मामांनी दोन वाक्यांत संपवले. फिरवायची दिशा बघणाऱ्यावर अवलंबून असते. आट्याचा चढ मात्र वस्तूचा स्वतःचा असतो. उजव्या आट्याचा बोल्ट समोरून पाहा, मागून पाहा, उलटा पाहा, तो उजवाच. डावा दिसेल फक्त आरशात.

एवढा मोठा करार झाल्यावर तो काही ठिकाणी मुद्दाम मोडला जातो, आणि तिथंच त्याची खरी किंमत कळते. सायकलचं डावं पेडल पाहा, त्याचे आटे उलटे असतात. सैल मुठीत पेन्सिल धरून तिचं टोक गोल फिरवून बघा, पेन्सिल स्वतःभोवती विरुद्ध दिशेला वळते. पेडलच्या दांड्याचं तेच होतं. डावीकडे सुलटे आटे असते तर चालवता चालवता पेडल सुटून हातात आलं असतं. राइट बंधू विमानाआधी सायकली बनवत, त्यांनीही १९०० साली आपल्या सायकलींना डावीकडे उलटे आटे दिले होते. सायकल दुरुस्त करताना एकच नियम उपयोगी पडतो. पान्ह्याचं टोक वर धरून पुढच्या चाकाकडे ओढलं की आवळतं, मागच्या चाकाकडे ओढलं की सुटतं, दोन्ही बाजूंना. यात उजवंही नाही, डावंही नाही, आणि कुठल्याही भाषेत चालतं.

टेबल फॅनच्या पात्यांवरची टोपी, जुन्या अनेक ट्रकांच्या डाव्या चाकांचे नट, सगळे याच कारणानं उलटे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं तर दिवे चोरीला जाऊ नयेत म्हणून बल्बचेच आटे उलटे केले होते. चोरलेला बल्ब घरच्या होल्डरमध्ये बसेना, चोरी करून फायदा काय?

पण सगळ्यात महत्त्वाचा अपवाद गॅसचा. वेल्डिंगच्या दुकानात दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे असतात. काळा ऑक्सिजनचा, मरून रंगाचा ॲसिटिलीनचा. ऑक्सिजनच्या जोडाचे आटे सुलटे, ॲसिटिलीनचे उलटे. जळणाऱ्या गॅसच्या नटाच्या कडांवर खाचाही असतात, म्हणजे अंधारात बोटांना कळावं. दमलेल्या, रात्रपाळी केलेल्या, वाचता न येणाऱ्या माणसानं चुकून एकाचा पाइप दुसऱ्याला लावायचा प्रयत्न केला, तर तो बसतच नाही. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा योजलं त्यानं कामगाराला "नीट लक्ष दे" असं बजावून हात झटकले नाहीत. चूक होणारच हे धरून चालला आणि चुकीला वाटच ठेवली नाही. आपल्याकडे अपघात झाला की पहिली बातमी येते 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे'. अशा बातमीत मी शोधतो ते एकच. त्या जागी उलटा आटा होता का? चूक अडवणारी काही सोय होती का? नसेल तर निष्काळजी कोण?

हा प्रश्न कारखान्यापुरता नाही. आपल्याच घरात पाहा. नळ घड्याळाच्या दिशेनं फिरवला की बंद होतो. पंख्याचा रेग्युलेटर त्याच दिशेनं फिरवला की वेग वाढतो. दोन्ही बरोबर आहेत. नळ हा स्क्रूचा वंशज, आवळला की बंद. रेग्युलेटर आकड्यांचा वंशज, पुढे गेला की जास्त. घरच्या माणसाला सवयीनं जमतं. पण रात्री दोन वाजता पाइप फुटला, घरी एकटी म्हातारी आई आहे आणि मुलगा पुण्याहून फोनवर सांगतोय, "आई, टाकीखालचा कॉक उजवीकडे फिरव." कुणाच्या उजवीकडे? समोरून की मागून? कॉकचं तोंड भिंतीकडे असेल तर दिशा उलटीच दिसणार. आणि सोसायटीच्या जिन्यातल्या आगीच्या व्हॉल्व्हवर लिहिलेलं काय असतं? असलं तर इंग्रजीत, तेही रंगाच्या तीन थरांखाली. बाल्टिमोरला जोड बसत नव्हता, आपल्याकडे जोड बसेल पण चक्र कुठल्या बाजूला फिरवायचं यावर धूर भरलेल्या जिन्यात वाद होईल.

यावर खर्च फार नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढं मांडा. प्रत्येक मुख्य व्हॉल्व्हवर ऑइलपेंटनं एक वाकडा बाण काढा आणि बाणाच्या टोकाशी मोठ्या अक्षरात लिहा 'बंद'. 'उजवीकडे' लिहू नका, 'क्लॉकवाइज' लिहू नका. नवीन प्लंबिंग होत असेल तर पाव वळशाचे व्हॉल्व्ह बसवा. त्यांची दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद. लक्षात ठेवायलाच काही नाही, बघूनच कळतं.

आणि जिथं बाण नाही तिथं दहावीतला अंगठा वापरा. उजव्या हाताची मूठ करा, अंगठा बाहेर. स्क्रू ज्या बाजूला जायला हवा, आत किंवा बाहेर, तिकडे अंगठा करा. बाकीची बोटं वळली आहेत त्या दिशेला फिरवा. वरून, खालून, मागून, कुठूनही चालतं. आटे उलटे असतील तर तेच डाव्या हातानं. आम्हाला शाळेत हा नियम चुंबकासाठी शिकवला, दोन मार्कांसाठी पाठ केला, आणि हाच नळालाही लागू पडतो हे सांगायचं राहून गेलं.

मराठीत स्क्रूसाठी यमक माझ्या तरी कानावर आलेलं नाही. आपल्याकडे ही विद्या म्हणींतून आली नाही, हातांतून आली. कानातल्याची फिरकी, प्रवासातला फिरकीचा तांब्या, चकलीचा सोऱ्या. आज्यांनी 'पेच', 'आटे' हे शब्द न वापरता हा करार पिढ्यानपिढ्या पाळला. तुमच्या गावात, तुमच्या धंद्यात सुलट्या-उलट्याला काय म्हणतात, नव्या पोराला कसं शिकवतात, ते खाली जरूर लिहा. फिटर, प्लंबर, सायकलवाले, सोनार, सगळ्यांनी लिहा. आणि तुमच्या इमारतीतल्या आगीच्या व्हॉल्व्हवर बाण आहे का, ते आज जिना उतरताना बघून या.